जुन्या पेट्रोल जीपची प्रज्वलन यंत्रणा : दोष कसा शोधावा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पीक शिकविणारा माणूस जीपबद्दल काय सांगणार, असे आपल्याला वाटले असेल. मी मिस्त्री नाही. पण वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप आमच्या घरी अजून चालू आहे, आणि तिने मला जो धडा दिला तो पिकाच्या रोगनिदानापेक्षा वेगळा नाही. म्हणून हा विषय घेतला.

१९४७ मध्ये महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्याकडील अनेक शेतकऱ्यांनी अशा जीप घेतल्या. बऱ्याच जीपना नंतर डिझेल इंजिन बसविले गेले. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, त्यामुळे आजचा विषय त्यांना लागू नाही. ज्यांच्याकडे मूळ पेट्रोल इंजिन आहे, किंवा जुनी पद्मिनी अथवा अँबेसेडर पेट्रोल गाडी आहे, त्यांनी मात्र लक्ष द्यावे.

यंत्रणा कशी चालते

बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून जातो. तो ऐनवेळी तोडला की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. प्रवाह तोडण्याचे काम जुन्या गाडीत पॉइंट करतात. ते ज्या डब्यात असतात त्याला आपले मिस्त्री 'डेल्को' म्हणतात. हा शब्द गंमतीचा आहे. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत डेटन शहरी काढलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचे ते संक्षिप्त नाव. कंपनीचे नाव आपल्याकडे वस्तूचे नाव होऊन बसले.

पॉइंट झिजतात, जळतात, त्यांतील अंतर बदलते. म्हणून बाजारात इलेक्ट्रॉनिक संच मिळतात. त्यात पॉइंटच्या जागी लोहचुंबकाचे कडे आणि ते ओळखणारा एक लहान भाग बसवितात. संच चांगला असतो, वारंवार पॉइंट घासावे लागत नाहीत. परंतु पॉइंट बिघडताना आधी कुरकुर करतात, तर हा संच बहुधा एकदम बंद पडतो.

राजूर घाटातील अनुभव

पेरणीच्या तोंडावर मलकापूरहून सोयाबीनचे बियाणे घेऊन मी आणि वडील बुलढाण्याकडे येत होतो. मोताळा सोडले, राजूर घाट सुरू झाला. दुपारचे ऊन, गाडीत वजन, दुसऱ्या गिअरमध्ये संथ चढण. एका वळणावर इंजिन चावी बंद केल्यासारखे थांबले. गाडी मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबून धरला, वडिलांनी त्या वयात उतरून चाकामागे दगड लावला. मागून ट्रक येत होता. तो थांबला म्हणून निभावले. अर्ध्या तासाने गाडी पहिल्याच प्रयत्नात चालू झाली.

त्याआधी दोन वेळा असेच झाले होते. तेव्हा कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोल पंप बदलला, चारही प्लग नवे टाकले. खर्च झाला, दोष तसाच राहिला. घाटात मदतीला थांबलेले एक शेतकरी म्हणाले, "सर, गरम झाली का बंद, गार झाली का चालू. हे पेट्रोलचं दुखणं न्हाई, करंटचं हाय." त्यांचे निदान बरोबर निघाले.

मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने मल्टिमीटर लावून कॉइलचा रोध मोजला. तो १.५ ओहम भरला. अशा कॉइलबरोबर बाहेरून एक रोधक जोडावा लागतो. 'पूर्ण करंट मिळू दे' म्हणून संच बसविताना तो काढून टाकला होता. आता साधे गणित करा. १२ ला १.५ ने भागले तर ८ अँपिअर, आणि ३ ओहमने भागले तर ४ अँपिअर. संचातून दुप्पट प्रवाह वाहत होता. चढणीला इंजिन संथ फिरते, कॉइल जास्त वेळ प्रवाह घेते, वरून उन्हाची भर. संच तापून बंद पडे, निवला की चालू होई. ३ ओहमची कॉइल टाकली आणि दोष गेला.

तपासणीचा क्रम

१) प्रथम गाडी सुरक्षित करावी. हातब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. पेट्रोल गळत असल्यास ठिणगीची तपासणी करू नये.

२) पेट्रोल की ठिणगी, हे ठरवावे. इंजिन अडखळत, फटके देत बंद पडले तर बहुधा पेट्रोलकडे पाहावे. एकदम बंद पडले तर ठिणगीकडे पाहावे.

३) ठिणगी पाहताना जादा प्लग वायरीत घालून त्याचे धातूचे अंग इंजिनला घट्ट टेकवावे, हाताने धरू नये. कॉइलची जाड वायर हवेत मोकळी ठेवून इंजिन फिरवू नये. संच जळू शकतो आणि झटकाही बसतो.

४) चावी चालू करून संचाच्या लाल वायरीवर व्होल्ट मोजावेत. बॅटरीइतकेच मिळाले पाहिजेत. रोधक असल्यास लाल वायर त्याच्या आधी, चावीच्या बाजूला जोडावी. स्टार्टर मारताना बॅटरीचे व्होल्ट साडेनऊच्या खाली जात असल्यास आधी बॅटरी पाहावी.

५) कॉइलच्या वायरी काढून रोध मोजावा आणि संचाच्या माहितीपत्रकाशी जुळवावा.

६) अर्थिंग तपासावे. डेल्कोतील पट्टीची बारीक विणलेली वायर तुटली तर यंत्रणा कधी चालते, कधी नाही. इंजिन आणि चासीमधील पट्टाही घासून घट्ट करावा.

७) डेल्कोची टोपी व रोटर पाहावा. पावसाळ्यात ओल धरते, तडा गेल्यास बारीक काळी रेघ दिसते. दांडा हाताने हलवून पाहावा. बुश झिजल्यास चुंबकाचे कडे घासते.

८) हे सर्व ठीक असेल तरच संचावर संशय घ्यावा. त्यासाठी जुने पॉइंट व कंडेन्सर पट्टीसह गाडीत ठेवावेत. ते बसवून गाडी चालली, तर संच गेला हे सिद्ध होते आणि आपण घरीही पोहोचतो. पॉइंटमधील अंतर माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावे. बहुतेक जुन्या गाड्यांत ते ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते.

हे टाळावे

लाल व काळी वायर उलटी जोडू नये, संच क्षणात जळतो. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये. गाडीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात. जुन्या जीपपैकी काही ६ व्होल्टच्या आहेत, त्यांना १२ व्होल्टचा संच चालत नाही. संच बसविल्यावर टायमिंग पुन्हा जुळवून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट

सोयाबीन पिवळे पडले की आपण काय करतो? एकाच पंपात चार औषधे मिसळून फवारतो. पिवळेपणा साचलेल्या पाण्यामुळे असतो, लोहाच्या कमतरतेमुळे असतो किंवा मोझॅक रोगामुळे. चार औषधांनी पीक सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि नाही सुधारले तर खर्च वाया. जीपच्या बाबतीत मी हेच केले. कार्ब्युरेटर, पंप, प्लग सगळे बदलले आणि एकदाही मोजले नाही. शेतात झाड उपटून मुळे पाहा म्हणून मी तुम्हाला सांगतो, आणि स्वतःच्या गाडीला तो नियम लावला नाही.

म्हणून आधी पाहा, मग मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, गाडीची ही तपासणी उरकून घ्या. घाटात दगड शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडते.