पडद्यावरची दाढ

नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मिनिटाला 40 ते 60 श्वास आणि मध्येच पाच-दहा सेकंदांचा विसावा, एवढं निरोगी बाळातही दिसतं. पण एखादं बाळ पळून आल्यासारखं धापा टाकू लागतं, मग छाती थांबते, पुन्हा धापा सुरू. अंग सैल, उचललं की हातावर लोंबणारं. डोळे थरथरतात. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ! मग शोध मेंदूकडे वळवावा लागतो.

1969 साली मॉन्ट्रियलमध्ये मारी जुबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबातल्या चार भावंडांत अशीच लक्षणं नोंदवली. लहान मेंदूचा मधला पट्टा, म्हणजे वर्मिस, तयारच न होण्याशी त्यांनी ती जोडली. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता की एमआरआय नव्हता. आज हा विकार जुबर्ट सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

पाळण्याजवळ पहिली तपासणी होते ती टाळूवरून, सोनोग्राफीची. पण मेंदूचा मागचा, खोलातला भाग तिच्यात नीट दिसत नाही. तिथे एमआरआय हवा. आडव्या छेदात मेंदूच्या देठाजवळ चक्क दाढ उमटते: दोन जाड, लांब मुळं आणि मध्ये खोल खाच. ही खूण 1997 मध्ये ओळखली गेली. डँडी-वॉकर दोषातही वर्मिस अपुरा असतो, पण तिथे दाढ नसते. मागे पाण्याची मोठी पोकळी असते.

हा फरक आईबापांसाठी फार मोलाचा आहे. जुबर्टमागे तीसहून अधिक जनुकं सापडली आहेत. ती पेशींवरच्या सूक्ष्म केसांशी निगडित असल्याने दृष्टिपटल, मूत्रपिंड आणि यकृतही पुढे बिघडू शकतं. बहुतेक प्रकारांत आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि दर गरोदरपणात 25 टक्के धोका राहतो. मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होणाऱ्या घरांत जनुकीय सल्ला म्हणूनच टाळू नये.

निदान झालं की फाइलमध्ये डोळे, लघवी, रक्तदाब यांच्या नियमित तपासण्या आणि फिजिओथेरपी लिहिली जाते. आणि पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत: कोणतंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, या बाळाचा श्वास औषधांनी चटकन मंदावतो.