‘सर, इथं आपण कुणाच्या बाजूचे?’

(अकलूज येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नीरेकाठचा किल्ला रोज पाहणाऱ्या तुम्हा अकलूजकरांना आज मी समुद्रातल्या किल्ल्याबद्दल सांगणार आहे. काही मुलामुलींना घेऊन आम्ही मुरूडच्या जंजिऱ्याला गेलो होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो, तेव्हा एका मुलानं हळूच विचारलं, "सर, इथं आपण कुणाच्या बाजूचे?"

हा प्रश्न त्याला का पडला, हे तुम्हाला सांगायला नको. टोमणे तुम्हीही ऐकलेत.

तटावर गेल्यावर मी त्याला समोरचा पद्मदुर्ग दाखवला. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधला. जंजिऱ्यावर मूळचे आफ्रिकेतले सिद्दी. ते आधी विजापूरच्या आदिलशाहीचे, १६७० च्या सुमारास मोगलांचे झाले. दोन्ही सत्ता मुसलमानच; बदलला तो राजकीय हिशेब.

आता १६७९ ची खांदेरीची लढाई पाहा. एका बाजूला मुंबईचे इंग्रज आणि सिद्दी. दुसऱ्या बाजूला महाराजांचं आरमार, त्याचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान. सिद्दीही मुसलमान, दौलतखानही मुसलमान. मग ही लढाई कोणत्या धर्माची?

दौलतखानाचं नाव घेऊन आपली निष्ठा सिद्ध करा, असं मी म्हणत नाही. या देशाचे नागरिक म्हणून आपला हक्क संविधानानं दिलाय. त्यासाठी सतराव्या शतकातला जामीन लागत नाही. आणि जंजिरा अजिंक्य राहिला म्हणून छाती फुगवायचंही कारण नाही. सिद्दींच्या स्वाऱ्यांत किनाऱ्यावरची गावं लुटली गेली, माणसं गुलाम झाली. ती माणसंही आपलीच.

‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला. अर्थ बेट. मराठीनं तो असा आपलासा केला की तो परका वाटतच नाही. आपणही या भाषेत असेच मुरलो आहोत.

म्हणून किल्ल्यांवर जा. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चारही २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेत. तिथं बाजू शोधू नका. तट कुणी बांधला, होड्या कुणी वल्हवल्या, गोड्या पाण्याची तळी कुणी खोदली, हे विचारा. त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "आपण बघणाऱ्यांच्या बाजूचे. नीट बघ, आणि जे दिसेल ते खरं सांग."