झेरॉक्सचा अर्ज



पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका मोठ्या ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागात मी 'बहिष्कृत भारत'चे अंक मागितले. चवदार तळ्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला निघालेलं बाबासाहेबांचं पाक्षिक. काउंटरवरून उत्तर आलं, "झेरॉक्स मिळत नाही." मी "बरं सर" म्हणून परतले. शिकलेली घरात मी पहिलीच. 'नाही'नंतर काय विचारायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

पुढे एका सीनियर ताईनं सांगितलं, नकाराला कारण असतं. जुना कागद काचेवर दाबला की तुटतो. मग स्कॅन मागायचं, मायक्रोफिल्म आहे का विचारायचं, फ्लॅश न वापरता मोबाइलवर फोटो काढू का विचारायचं. तेही तोंडी नाही, लेखी. अंकाची तारीख, पान, दाखल क्रमांक, उद्देश, खाली गाईडची सही. 'सगळे अंक द्या' असा अर्ज पडून राहतो.

कायदाही माहीत हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं. शिवाय बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या त्यांच्या लेखनावरची साठ वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली.

दुसऱ्या खेपेला अर्ज दिला. आठवड्यानं बारा पानांचं स्कॅन मिळालं. प्रत्येक फाइलला लगेच तारीख आणि क्रमांक दिला, नाहीतर तळटीप कशाची देणार?

त्या अर्जाची प्रत मी जपून ठेवलीय. आतापर्यंत चौघांना दिली. तुम्हीही तुमची ठेवा, मागून येणाऱ्याला द्या.