माशी, खाच आणि दुर्बीण

भिलाई हे रुळांचे गाव. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि पुढे भिलाईचे रूळ देशभर पसरले. अशा गावातील एखादा तरुण पोटाला चिमटा घेऊन हवेचे स्वस्त पिस्तूल विकत घेतो, तेव्हा त्याच्या माथ्यावरही त्याला एक चिमुकला रूळ दिसतो. सुमारे ११ मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर दुर्बीण बसविली की नेम चुकावयाचा नाही, असे त्यास वाटू लागते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

पिस्तुलावर मागे खाच आणि पुढे माशी असते. दोहोंमधील अंतर ३० सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी दहा मीटरांवर छर्रा ३३ मिलिमीटर दूर जातो. स्पर्धेच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे! उलट, कोन न बदलता सबंध हात एक मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. म्हणजे हाताच्या कंपापेक्षा मनगटाचा बाक अधिक घातक. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून माशी रेखीव दिसावी, लक्ष्य धूसर राहिले तरी चालेल, असे शिकविले जाते.

भिंगाने यात काय साधते? रायफलीच्या दुर्बिणीला डोळा साधारण चार बोटांवर लागतो. पिस्तूल तर हातभर लांब धरावयाचे. त्यामुळे ती दुर्बीण येथे निरुपयोगी ठरते. लाल ठिपका दाखविणारे साधन मात्र हातभर अंतरावरूनही चालते, आणि माशी-खाच जुळविण्याचा त्रास वाचल्याने उतारवयातील डोळ्यांना ते खरोखर उपकारक असते.

परंतु ते नीट बसले पाहिजे. पकड पट्टीच्याच मापाची हवी व स्क्रू सारख्या जोराने आवळावेत. स्प्रिंगच्या पिस्तुलात धक्का मागेपुढे दोन्हीकडे बसतो, त्याने पकड हळूहळू सरकते. ठिपका नळीहून वर असल्याने, ज्या अंतरावरून नेम धरावयाचा तेथूनच पाच छर्रे झाडावेत आणि त्यांचा मध्य पाहून मगच फिरकी फिरवावी. नळी मोडून छर्रा भरण्याच्या पिस्तुलात सांधा सैल झाला, तर वरच्या भिंगाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत असे साधन वर्ज्यच आहे. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविले ते माशी-खाचेवरच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले, तेथेही हाच नियम होता.

म्हणून केवळ करमणूक हवी असेल, तर ठिपका जरूर लावावा. पदकाची आस असेल, तर तेच पैसे छर्ऱ्यांवर, डोळ्यांच्या संरक्षक चष्म्यावर आणि लक्ष्यामागच्या भक्कम आडोशावर खर्चावेत. वाकडा रूळ रंग देऊन सरळ होत नाही, हे भिलाईच्या मुलाला निराळे सांगावयास नकोच.