हळद, अर्क आणि पाण्याचा जार

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे. गेल्या वर्षी सोनोग्राफीत त्याच्या यकृतावर चरबी निघाली. दारूला कधी न शिवलेला, अंगाने सडपातळ माणूस. हादरलाच. आठवड्याभरात हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली घेऊन माझ्याकडे आला. ''भाईजान, प्रदूषणानं साठलेली चरबी यानं उतरते म्हणे. तुम्ही शिकलेले, जरा वाचून सांगा.''

मी बी.ए., तोही मराठीचा. विज्ञानाशी सोयरीक दहावीलाच तुटलेली. पण भावाचा प्रश्न होता, वाचले.

जाहिरात अगदीच खोटी नव्हती. कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचे काही प्रकार आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतला लेप यांत बिस्फेनॉल-ए नावाचे रसायन असते. उष्णतेने ते अन्नपाण्यात थोडेथोडे उतरते. शरीराला ते स्त्री-संप्रेरकासारखे भासते. प्रयोगात उंदरांना दिले, तेव्हा यकृताचा हिशेब बिघडला : चरबी बनू लागली जास्त, जळू लागली कमी. सोबत हळदीतले कर्क्युमिन किंवा हिरव्या चहाचा अर्क दिल्यावर नुकसान कमी दिसले.

पण ते उंदीर, आणि मात्रा मोजूनमापून दिलेली. कर्क्युमिन आपले शरीर फारसे शोषतच नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये ते एकवटतात, कधी मिऱ्याचे सत्त्वही घालतात. हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला २०१९ साली इटलीत सूज आल्याची नोंद झाली. ज्याच्यासाठी औषध, त्यालाच इजा!

डॉक्टरांनीही बाटली बंद करायला लावली आणि रोज चालायला सांगितले. 'अर्क' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला; तिथे त्याचा मूळ अर्थ घाम. भावाला म्हटले, ''हा अर्क तुझा तूच गाळ.''

मग त्याच्या दुकानात गेलो. दारात, उन्हात वीस लिटरचा कडक प्लॅस्टिकचा जार. दिवसभर तेच पाणी. त्याची चरबी त्या जारामुळेच, असे कोणी छातीठोक सांगणार नाही. पण तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतून हे रसायन युरोपने २०११ मध्ये आणि आपल्या मानकाने २०१५ मध्ये हद्दपार केले, ते उगीच नाही.

दारातून विष आत येऊ द्यायचे आणि उतारा बाजारात शोधायचा, ही कुठली रीत? दुकानात आता माठ आहे. हळद अम्मीच्या सालनात होती तशीच आहे, चिमूटभर.