चांदी, तलवार आणि मातीचा पेला

जुन्या वस्तू जमवण्याचा नाद जगात सगळीकडे आहे. कुणी नाणी जमवतो, कुणी पोस्टाची तिकिटे, तर कुणी अडकित्ते आणि समया. पुण्यात दिनकर केळकर यांनी हौसेने जमवलेल्या वस्तूंचे तर मोठे संग्रहालयच उभे राहिले. ब्रिटनमध्ये या नादाच्या तीन शाखा विशेष लोकप्रिय आहेत: जुनी चांदीची भांडी, जुन्या तलवारी, आणि एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेले चिनी मातीचे पेले, बशा आणि सुरया. आज मी या तिघांविषयी बोलणार आहे.

आपण म्हणाल, साहेबाची चांदी आणि साहेबाची तलवार, त्यांच्याशी आमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर यांतल्या कित्येक वस्तूंत आपल्या देशाचा हिशेब दडलेला आहे. आणि दुसरे असे की, जुनी वस्तू हातात आली म्हणजे तिला प्रश्न कसे विचारावेत, हे त्या लोकांनी नीट बसवले आहे. ती रीत आपल्या घरच्या फडताळातल्या वस्तूंनाही लागू पडते.

आधी एका चमच्याची गोष्ट सांगतो. १६४९ साली इंग्लंडात पार्लमेंटने राजा पहिला चार्ल्स याला मृत्युदंड दिला आणि राजेपणच रद्द केले. मग राज्याभिषेकाचे मुकुट आणि अलंकार कशाला हवेत? सोने-चांदी वितळवून नाणी पाडली, रत्ने विकून टाकली. त्या मोडीत बाराव्या शतकातला एक चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चमचा होता. राजवाड्याच्या सामानसुमानाची व्यवस्था पाहणाऱ्या क्लेमंट किनर्सली नावाच्या गृहस्थाने तो सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि जपून ठेवला. पुढे राजेपण परत आले, तेव्हा त्याने तो नव्या राजाला परत केला. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात अभिषेकाचे तेल याच चमच्यात ओतले गेले. सोनाराच्या मुशीत जायची वस्तू एका माणसाने बाजूला काढली, म्हणून ती उरली. संग्रह म्हणतात तो याला. त्याला श्रीमंती लागत नाही, वेळेवर हात पुढे करावा लागतो.

आता चांदीकडे वळू. चांदी मऊ असते, म्हणून भांड्यासाठी तिच्यात थोडे तांबे मिसळतात. किती मिसळले हे डोळ्यांना कळत नाही आणि गिऱ्हाईक तिथेच फसते. म्हणून इंग्लंडात १३०० साली कायदा झाला की हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याखेरीज भांडे विकू नये, आणि तपासलेल्या भांड्यावर बिबळ्याच्या तोंडाचा छाप मारावा. पुढे कारागिराची खूण आली. १४७८ पासून वर्षाचे अक्षर आले, म्हणजे त्या साली माल तपासला त्याची जबाबदारी कुणावर हे ठरावे. १५४४ पासून चालत्या सिंहाचा छाप आला. लंडनमध्ये सोनारांच्या पंचायतीच्या वाड्यात, म्हणजे 'हॉल'मध्ये, हे छाप मारले जात. म्हणून त्यांना 'हॉलमार्क' म्हणतात.

हा शब्द आज आपल्याला परका नाही. आपल्याकडे १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत. तालुक्याच्या सराफाकडे मंगळसूत्र घेताना आपण भिंगातून जो बारीक छाप पाहतो, त्याचा पूर्वज हा असा सातशे वर्षांपूर्वीचा आहे.

तर इंग्रजी चांदीचा चमचा उलटा करा आणि भिंग घ्या. सिंह दिसला, तर कस ठीक. बिबळ्या दिसला, तर छाप लंडनचा. किल्ला असेल तर एडिंबरोचा. नांगर असेल तर बर्मिंगहॅमचा. शेतातला नांगर नव्हे बरं का, जहाजाचा! एका अक्षरावरून साल कळते. राजाचे किंवा राणीचे डोके असेल तर समजावे, १७८४ ते १८९० या काळात सरकारी कर भरलेला आहे. आणि उरली दोन अक्षरे, ती कारागिराची.

त्या दोन अक्षरांमागे केव्हा केव्हा फार मोठी माणसे उभी असतात. 'एच. बी.' अशी वळणदार अक्षरे म्हणजे हेस्टर बेटमन. ही लंडनची बाई. नवरा १७६० साली वारला. हिला लिहिता येत नव्हते. पण १७६१ साली तिने स्वतःच्या नावाची खूण नोंदवली, मुलांना हाताशी धरले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे कारखाना चालवला. तिच्या चहादाण्या आणि चमचे आज संग्राहक शोधत फिरतात. निरक्षर बाईची दोन अक्षरे अडीचशे वर्षे टिकली आहेत!

आणि जिथे छाप आला तिथे लबाडीही आली. १७२० साली चांदीच्या भांड्यांवर वजनाप्रमाणे कर बसला. मग काही कारागिरांनी युक्ती काढली. एक लहानसा तुकडा तपासणीला न्यायचा, त्याच्यावर छाप घ्यायचे, थोडका कर भरायचा, आणि तो छापाचा तुकडा कापून मोठ्या जड भांड्याच्या बुडाला डाख लावून बसवायचा. जाणता संग्राहक अशा भांड्याच्या बुडावर तोंडाची वाफ सोडतो. वाफेने चांदी धुरकटली की डाखाची रेघ उमटते. आज त्या भांड्यांनाही मागणी आहे, कारण लबाडी हाही इतिहासच. मात्र आणखी एक प्रकार ओळखता आला पाहिजे. १८४० साली एल्किंग्टन या कारखानदारांनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले. 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे असलेला चमचा म्हणजे वर चांदीचा पातळ थर आणि आत निराळाच धातू. जुन्या बाजारात चांदी म्हणून तो कुणी गळ्यात मारू लागला तर सावध असावे.

आता तलवार. तलवार पाहिली की आपण पहिल्याने विचारतो, 'कुणाची?' संग्राहक आधी विचारतो, 'पोलाद कसे आहे?' १७८६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीला घोडेस्वारांसाठी हजारो तलवारी हव्या होत्या. जर्मन पाती चांगली आणि इंग्लंडची कच्ची, असा तेव्हा बोभाटा होता. बर्मिंगहॅमचा टॉमस गिल पुढे आला आणि म्हणाला, सगळ्यांची परीक्षा होऊ द्या. पाते वाकवून पाहिले, लोखंडावर आपटून पाहिले. त्या काळच्या नोंदीप्रमाणे गिलच्या २,६५० तलवारींपैकी फक्त चार नापास झाल्या आणि इतर इंग्रज कारागिरांच्या २,७०० पैकी १,०८४! पुढे गिलच्या पात्यांवर 'कधी दगा देणार नाही' अशा अर्थाची हमी कोरलेली असे. पण ही पाती कुणावर चालायची होती? कंपनीचे घोडदळ कुठल्या मुलखात लढत होते? हा प्रश्न पात्यावर कोरलेला नाही. तो आपल्याला विचारावा लागतो.

दुसरी तलवार मानाची. १८०३ साली लंडनच्या लॉइड्स कॉफी-हाउसमध्ये व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक देशभक्ती-निधी स्थापन केला. पराक्रम गाजवलेल्या अधिकाऱ्यांना त्यातून तीस, पन्नास किंवा शंभर पौंडांच्या तलवारी देत. पाते निळे आणि त्यावर सोनेरी नक्षी. ट्रफाल्गरच्या १८०५ च्या लढाईतल्या कप्तानांना शंभर पौंडांच्या मिळाल्या. आज त्यांना फार मोठी किंमत येते. पण १८०९ साली निधीच्या मंडळींनी या देणग्या थांबवल्या. का? तर पैसा जखमी शिपायांना, विधवांना आणि पोरक्या मुलांना पुरला पाहिजे म्हणून. तलवार काचेच्या कपाटात राहिली. विधवेला मिळालेल्या पैशाचे पीठमीठ केव्हाच संपले. म्हणून संग्रहालयात शौर्य दिसते आणि त्याचा खर्च दिसत नाही.

याच १८०३ सालचा आपल्याकडचा दाखला घ्या. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. कंपनीच्याच बाजूची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली, आणि त्यांत एतद्देशीय शिपाई पुष्कळ होते. मोहीम संपल्यावर त्याच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी करून त्याला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा संच भेट दिला. त्याचे नावच 'दख्खन सर्व्हिस'. तो लंडनमध्ये वेलस्लीच्या ॲप्सली हाउस या वाड्यात आहे. भांडी सुरेख आहेत, त्यांवर छाप आहेत, साल कळते, कारागीर कळतो. पण केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पडलेल्या माणसांचा छाप त्यांच्यावर नाही. दख्खन हे नाव तेवढे उरले. आपल्या शाळेतल्या मुलांना ही लढाई शिकवताना त्या भांड्यांची गोष्टही सांगावी. लढाईचा हिशेब कुठे कुठे जमा होतो, हे मुलांना लगेच कळेल.

राहिला मातीचा पेला. तिघांत हा सर्वांत स्वस्त आणि मला विचाराल तर सर्वांत बोलका. १७५० नंतर मातीच्या भांड्यावर छापील चित्र उठवण्याची कला लिव्हरपूलकडे रुळली आणि गरिबाच्या घरातही चित्राचा पेला आला. राजाचा अभिषेक, नेल्सनचा मृत्यू, १८३२ चा मतदान-सुधारणेचा कायदा, सगळ्यांचे पेले निघाले. गंमत अशी की पेला आधी निघतो आणि प्रसंग मागून घडतो. सातव्या एडवर्डचा अभिषेक २६ जून १९०२ ला व्हायचा होता. राजा आजारी पडला, शस्त्रक्रिया झाली आणि अभिषेक ९ ऑगस्टला झाला. पेल्यांवर तारीख जूनची! आठव्या एडवर्डचा अभिषेक १२ मे १९३७ ला ठरला. त्याने डिसेंबर १९३६ मध्येच गादी सोडली. न झालेल्या अभिषेकाचे पेले मात्र ढीगभर निघाले होते. अनेकांना वाटते, असा पेला दुर्मीळ असणार. तसे नाही. तो अमाप निघाला म्हणून सहज मिळतो. वस्तूची गोष्ट चमत्कारिक आहे एवढ्यावर तिची किंमत चढत नाही.

पण एक साखरदाणी मी विसरू शकत नाही. १८२० च्या दशकात वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत गुलाम राबत. ती साखर खाऊ नका, अशी चळवळ इंग्लंडात झाली आणि तिच्यात बायका आघाडीवर होत्या. त्यांच्यासाठी चिनी मातीच्या साखरदाण्या निघाल्या. त्यांवर लिहिलेले असे की यातली साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. पाहुणा चहाला आला की साखर घेताना हे वाचणारच. एका साखरदाणीने केवढे काम केले! आणि तरी तिचे बोलणे पुरते खरे नव्हते. कारण कंपनीच्या मुलखातही गुलामगिरीला कायद्याची मान्यता होती. ती १८४३ च्या कायद्याने काढून घेतली. म्हणजे साखरदाणी खोटी नव्हे, पण अर्धे खरे सांगणारी. उरलेले अर्धे दुसऱ्या कागदांतून काढावे लागते.

श्रोतेहो, म्हणून माझे सांगणे एवढेच की जुन्या वस्तूची किंमत विचारण्याआधी तिला चार प्रश्न विचारावेत. तू कशाची आहेस? तुला कुणी केले? तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलीस? आणि तू काय सांगत नाहीस? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वस्तूवर फार क्वचित असते. ते माणसांच्या तोंडी असते, आणि माणूस गेला की जाते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. शाळेत एक साधी शंभरपानी वही घाला. मुलांना सांगा, घरात आजीचे जे जुने तांब्या-फुलपात्र असेल, कोयता असेल, पूर्वी कुणी शहरातून आणलेली बशी असेल, तिचे माप घ्या, चित्र काढा, आणि आजीला विचारून ती कुठून आली ते लिहा. वस्तू घरातच राहू दे. वही शाळेत राहील. चांदीच्या भांड्यावर काही अक्षरे वा छाप असतील तर ते रांगोळीने घासू नयेत. प्रत्येक घासणीला छापाचा थोडा भाग जातो आणि छाप गेला की उरते ते नुसते वजन. आणि परगावचा कुणी जुनेरे घेणारा 'मोडीच्या भावाने द्या' म्हणाला, तर देण्याआधी निदान ती वस्तू वहीत उतरवून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेता येत नाही, असा आपला १९७२ चा कायदा आहे, तोही त्याला सांगा.

किनर्सलीने एकच चमचा वाचवला होता. आपल्या गावात असे किती चमचे अजून फडताळात आहेत, हे एकदा मोजून पाहायला काय हरकत आहे?