टोपीवरचे तीन दिवे

विमानाच्या गेममध्ये आपण मान वळवली की पडद्यावरचा वैमानिकही बाजूला बघतो. यासाठी ‘ट्रॅकआयआर’ हे तयार यंत्र मिळतं, पण महाग आहे. खर्डीहून लोकल धरा, लॅमिंग्टन रोडवरून तीन इन्फ्रारेड एलईडी आणा. घरातला जुना वेबकॅम उघडा. लेन्समागची चिमुकली काच इन्फ्रारेड अडवते. ती काढून तिथे फ्लॉपीच्या आतल्या काळ्या चकतीचा तुकडा लावा. आता कॅमेऱ्याला खोली जवळपास दिसत नाही, टोपीवरचे तीन ठिपके तेवढे दिसतात. त्यांच्यातली अंतरं बदलली की ‘ओपनट्रॅक’ हे मोफत सॉफ्टवेअर मान किती वळली ते काढतं.

एलईडी एकामागोमाग जोडा. प्रत्येकी साधारण दीड व्होल्ट, म्हणजे साडेचार. यूएसबी देतं पाच. उरलेल्या अर्ध्या व्होल्टसाठी २७ ओहमचा रेझिस्टर. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही. दिवे कॅमेऱ्याकडेच ठेवा, डोळ्यांकडे नको.

घरचे म्हणतील, गेमसाठी एवढा खटाटोप? त्यांना दाखवा: ओपनट्रॅकमध्ये माऊसचाही पर्याय आहे. ज्याचे हात चालत नाहीत, तो मानेने पॉइंटर हलवू शकतो. क्लिकसाठी मात्र पायाखाली एक बटण जोडावं लागेल.